रोल नंबर ५४

घरी पोचल्यावर आईचा पहिला प्रश्न "कशी आहेस" हा कधीच नसतो. "किती दिवस?" हा असतो, तोही चपला काढायच्या आत. ह्यावेळी मी जरा ऐटीतच "अकरा" म्हटलं, कारण एरवी गणपतीत चार नाहीतर दिवाळीत तीन दिवस यायचं आणि त्यातला दीड दिवस झोपून काढायचा हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा खाक्या. आईने मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला आणि म्हणाली, "म्हणजे रातांबे होतील तुझ्या हातून." रातांबे म्हणजे कोकमाची फळं.

मे २०२३. बंगळुरूहून रात्रीच्या बसने कोल्हापूर आणि तिथून एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. त्याच मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं होतं, त्यामुळे गाडी बायकांनी गच्च भरलेली आणि कंडक्टरने माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला हाफ फाडलं तसं मलाही हाफच फाडलं, ह्या गोष्टीचा त्याला इतका आनंद झाला की साखरपा येईपर्यंत तो मला "ए हाफ" अशीच हाक मारत होता. घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते आणि खिडकीतून काजू-फणसाचा तो एक ओळखीचा वास येतो, मग मला उगाच भूक लागते. पोट भरलेलं असलं तरी.

घर झाडगावात. आता ते दादा-वहिनीचं घर आहे, म्हणजे आईचं आहेच, पण माझी खोली भाच्याची झालीय आणि माझं टेबल गेलं, त्या जागी त्याचा कॉम्प्युटर आलाय. मला ह्याचं वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. पहिले दोन दिवस आपण पाहुणे असतो, वहिनी "ताई तुम्ही बसा हो" म्हणते, आमरसाची वाटी रिकामी व्हायच्या आत पुन्हा भरते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आई काही न बोलता रातांब्यांची पाटी आणि एक पातेलं समोर आणून ठेवते. त्या क्षणी कळतं की आता आपण खरे घरी आलो.

पण ह्यावेळी अकरा दिवस यायचं खरं कारण होतं गेट-टुगेदर. दहावी होऊन पंचवीस वर्षं.

ग्रुप काढला बाविसाव्या नंबराने. इथे कुणाचीच नावं देत नाही, रोल नंबर देते, तसंही आमच्या वर्गशिक्षकांनी तीन वर्षं आम्हाला नंबरानेच हाका मारल्या, "ए एकोणतीस, बाहेर काय बघतोस?" वगैरे. तर हा बावीस इन्शुरन्सचं काम करतो, त्यामुळे निम्म्या वर्गाचे नंबर त्याच्याकडे होतेच आणि उरलेल्या निम्म्याला त्याचा फोन आला की आधी धडकीच भरायची की आता हा पॉलिसी गळ्यात मारणार. ग्रुपचं नाव "दहावी क – मार्च ९८". डीपीला शाळेचा फोटो, पावसात काढलेला, भिंतीवर शेवाळ वगैरे.

वर्गात एकसष्ट जण. एक ते सदतीस मुलगे, अडतीस ते एकसष्ट मुली. मुलगे सापडायला आठ दिवस लागले, मुली सापडायला आठ महिने. कारण सोपं आहे पण आठ महिने त्यात घालवल्याशिवाय ते नीट कळत नाही. मुलगा डोंबिवलीला जाऊदे नाहीतर दुबईला, आडनाव तेच, वडिलांचं दुकान त्याच नाक्यावर, चुलत भाऊ कुणाच्या तरी ओळखीचा. मुलीचं आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, आणि आमच्या पिढीत बऱ्याच जणींचं लग्नात नावही बदललेलं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. म्हणजे शोधायचं कुणाला? फेसबुकवर जी असेल तिच्या डीपीला गणपती नाहीतर मुलाचा वाढदिवस. एक्केचाळीस नंबरची तिच्या भावाच्या सलूनमधून सापडली, अठ्ठेचाळीस एका लग्नाच्या फोटोत मागे उभी दिसली, आणि एकीच्या भावाने बावीसला सरळ सांगितलं की नंबर असा देता येणार नाही, तिच्या घरी विचारायला लागेल. एक्केचाळीस वर्षांची बाई. विचारलं मग घरी, मिळाली परवानगी, आली ती. सगळ्यात जास्त नाचली पण तीच.

आमच्या दहावीच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ ला, कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली. रत्नागिरीला गाडी त्याच्या थोडी आधीपासून येत होती आणि दादर पॅसेंजरची मुलांमध्ये भयंकर क्रेझ होती. आमचे अर्धे मुलगे मग त्याच पॅसेंजरने गेले, विरार, दिवा, कळवा, आणि गणपतीला अंगणात उभे राहून "आमच्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम आहे" असं बोलायला लागले. "आमच्याकडे" म्हणजे विरारला. हे मी हसून लिहितेय पण मीही बंगळुरूबद्दल असंच बोलते, वहिनीने एकदा हळूच दाखवून दिलं होतं.

तर चोवीसपैकी तेवीस मुली सापडल्या. एक सापडली नाही. चौपन्न.

मी त्रेपन्न. आडनावं लागून म्हणून नंबर लागून, नंबर लागून म्हणून बाकही एकच. आठवी ते दहावी. डबा एक म्हणायला हरकत नाही, कारण माझी पोळी-भाजी ती खायची आणि तिची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मी, घरी कळू न देता. तिचं अक्षर इतकं सुंदर की विज्ञानाच्या जर्नलमधल्या माझ्या आकृत्यांना नावं ती द्यायची. इंग्रजी मात्र तिला जायचंच नाही. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, त्यात तिच्या वाडीतल्या शाळेत ते शिकवणारं धड कुणी नव्हतं, आठवीत आमच्या शाळेत आली तेव्हा ती बी आणि डी मध्ये अजून अडखळायची.

ग्रुपवर आठ महिने विचारपूस. एकाने सांगितलं ती गुजरातला असते. दुसरीला नक्की माहीत होतं, चिपळूणला दिलीय. बावीसने तिच्या जुन्या घरी जाऊन बघितलं, घर पडलेलं आणि भाऊ मुंबईला. मी स्वतः फेसबुकवर दोन रात्री बसून तिच्या नावाच्या सगळ्या बायका बघितल्या. म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, शोधायला हवं होतं ते मीच, आणि मी पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदाच करत होते. असो.

गेट-टुगेदरचं फार सांगत नाही, तुम्ही एकाला गेला असाल तर सगळ्यांना गेल्यासारखंच आहे. अठराशे कॉन्ट्रिब्युशन. पाठीवर "मार्च ९८" छापलेले टीशर्ट, जे बायकांनी साडीवरून घालायचं की साडी नेसायचीच नाही ह्यावर ग्रुपवर चारशे मेसेज. मे महिन्यातल्या सकाळी अकरा वाजता सगळ्यांना फेटे, आतून घामाच्या धारा. कोण ओळखतंय मला सांग, अरे तू तर अजिबात बदलली नाहीस, हे वाक्य मला ज्याने म्हटलं त्याने मला एकोणपन्नास समजून म्हटलं होतं. पहिल्या बाकावरचे जे होते ते आताही पहिल्या रांगेत बसले आणि मागचे मागे, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

एका खुर्चीवर एकोणतिसाव्या नंबराचा हार घातलेला फोटो. २०२१ च्या मे मध्ये गेला, विरारला, कोविडमध्ये. फोटोच्या मागे आमचा बॅनर, त्याच्या डोक्यामागे बरोबर "मार्च ९८" आलेलं. दोन मिनिटं उभे राहिलो. मग साऊंडवाल्याला कुणीतरी खूण केली.

आणि मग सरांनी हजेरी घेतली. हे सगळीकडेच करतात, माहितीय मला, बावीसने त्याचं प्लॅनिंग सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, झालं, आता रडारड. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हातात प्रिंटआऊट. चष्मा कपाळावर, कागद अगदी डोळ्यांजवळ. नंबर आणि नाव, मुलींची माहेरची नावं. काय गंमत आहे बघा, स्वतःचं ते नाव मी कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, बँकेत नाही, ऑफिसात नाही, आई तर नावाने हाकच मारत नाही. एक क्षण मला कळलंच नाही की हे मला म्हणतायत. मग "हजर" म्हटलं, आणि आवाज बारीक आला, नववीतल्यासारखा.

"चौपन्न."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाक एक होता ना.

"गैरहजर, सर," मी म्हटलं. सरांनी पेनने कागदावर काहीतरी केलं आणि पुढे गेले.

त्या संध्याकाळी मी ओटीवर आईसमोर बसून रातांबे फोडत होते आणि दिवसभराचं सांगत होते. रातांबे फोडणं हे काम बोलण्यासाठीच बनवलेलं आहे. फळ दोन हातांत धरायचं, अंगठ्यांनी मधोमध दाबायचं, दोन वाट्या झाल्या की आतला गर बियांसकट एका पातेल्यात आणि सालं दुसरीकडे. गरावर मीठ घातलं की रस सुटतो. मग रोज सालं त्या रसात बुडवायची आणि रोज उन्हात घालायची, सहा-सात दिवस, पाऊस यायच्या आत, तेव्हा कुठे काळी चिवट सोलं होतात. बोटं पहिल्या दहा मिनिटांत लाल, रात्रीपर्यंत जांभळी, आणि नखांच्या कडा पुढचे आठ दिवस तशाच राहतात, बंगळुरूत मीटिंगमध्ये हात टेबलाखाली ठेवायला लागतो.

बोलता बोलता चौपन्नचं नाव निघालं. मी म्हटलं, ती एकटीच सापडली नाही गं, आठ महिने शोधतोय.

आईचे हात थांबले नाहीत. "सापडायला ती हरवलीय कुठे? फणसोपला तर असते."

"कोण?"

"तीच. तुझी. भाट्याच्या पुलापलीकडे, फणसोपला दिलीय तिला. हे रातांबे कुठले वाटले तुला? मंगळवारी तीच टाकून गेली. तू झोपलेलीस."

मी बघतच राहिले. दरवर्षी मी बंगळुरूला आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, दोन बाटल्या घेऊन जाते, जुन्या टॉवेलात गुंडाळून, आणि शेजारच्या तमिळ मावशींना अभिमानाने सोलकढी करून घालते. ते आगळ चौपन्नचं. आठ वर्षं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं नाही? दर खेपेला सांगत्ये, फणसोपची येऊन गेली, आगळ दिलंन, तुझं विचारलंन. तू हं हं करतेस."

हे खरं आहे. आईचा फोन मी स्पीकरवर टाकते आणि लॅपटॉपवर काम करते. "फणसोपची" हा शब्द मी शंभर वेळा तरी ऐकला असेन. मला ती कुणीतरी म्हातारी बाई वाटायची, नऊवारीतली, डोक्यावर पाटी घेतलेली.

"मग ग्रुपचं तिला..."

"तिला ठाऊकाय सगळं," आई म्हणाली. "मीच सांगितलं तिला, तुमचं काहीतरी मोठं आहे म्हणून. गप्प बसलीन."

दुसऱ्या दिवशी वहिनीची ॲक्टिवा घेतली. मांडवीवरून न जाता सरळ भाट्याचा पूल धरला, खाडीला भरती होती, काजळी नदीचं पाणी समुद्रात घुसतं तिथे लाटा वेड्यावाकड्या होतात त्या दिसत होत्या. पूल ओलांडला की सुरूचं बन, मग रस्ता वळतो. आईने खूण सांगितली होती, अंगणभर सोलं वाळत असतील ते घर. अशी तीन घरं निघाली.

तिने मला हेल्मेट काढायच्या आतच ओळखलं. "मान तशीच वाकडी करतेस गो अजून," म्हणाली. ती ओटीवर बसलेली, पुढ्यात रातांब्यांचा ढीग, आमच्या घरच्या पाटीच्या वीसपट. उठली नाही, हात रंगलेले, नुसतीच सरकली आणि शेजारी जागा केली. डाव्या बाजूला. बाकावर मी डावीकडेच बसायचे.

मग इकडचं तिकडचं. सासूबाईंनी कोकम सरबत आणलं. मुलगी बारावीला, सायन्स. नवरा बागायतदारांकडे आंब्याच्या सीझनला पेट्या भरायला जातो, बाकी वर्ष मिळेल ते. यंदा चारशे बाटल्या आगळ करायचं ठरवलंय, झाकणाचे सील मात्र महाग झालेत. मीही हातातली अंगठी काढून पर्समध्ये टाकली आणि फोडायला घेतलं, कारण समोर ढीग असताना नुसतं बसवत नाही, आणि हात रिकामे असले की तोंड वर करून बघावं लागतं.

शेवटी विचारलंच. का नाही आलीस?

"माझं काय काम तिथे?"

"काय काम म्हणजे? वर्ग आपला."

"टीशर्टवर काय लिहिलेलं?"

मी म्हटलं, मार्च ९८.

"मग," ती म्हणाली. "मी कुठे मार्च ९८ गो. मी ऑक्टोबर ९८."

मला दोन सेकंद लागले. आता फेरपरीक्षा निकालानंतर लगेचच होते, २०१५ पासून, वर्ष वाचतं. तेव्हा ऑक्टोबर. ऑक्टोबरला पास झालं तरी अकरावीचं वर्ष गेलेलंच असायचं, आणि वर्ष गेलं की मुलीला पुढच्या जूनपर्यंत कोण थांबवून ठेवणार. ती पास झाली ऑक्टोबरला. सर्टिफिकेट आहे, कोल्हापूर बोर्डाचं, तेव्हा आपलं वेगळं कोकण बोर्ड कुठे होतं. मार्चला इंग्रजीत एकोणतीस पडलेले.

"मला माहितीच नव्हतं," मी म्हटलं.

"तुला कुठनं असणार. तू पेढे वाटत होतीस." हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, मला तिचा टोमण्याचा आवाज माहितीय. "मला पण दिलास की. गेटपाशी. मी खाल्ला."

मला तो पेढा आठवत नाही. खूप आठवून बघितला. रिझल्टच्या दिवशीचा माझा फ्रॉक आठवतो, आईने आणलेला पेढ्यांचा खोका आठवतो, बाबांनी आमच्या घरमालकांना फोन केला तो आठवतो, आणि ती आलीच नव्हती असंच मी इतकी वर्षं धरून चाललेले. ती आलेली होती, हातात गुणपत्रिका, आणि मी तिला पेढा दिला, आणि एकदाही विचारलं नाही की किती पडले. पुढे कॉलेजात ती दिसली नाही तेव्हा म्हटलं दुसरीकडे घेतली असेल ॲडमिशन. इतकंच.

काय बोलावं सुचेना म्हणून मी फोन काढला आणि ग्रुप फोटो दाखवला. तिने पदराला हात पुसले तरी बोटं ओलीच. दोन बोटांनी फोटो मोठा करत करत एकेक चेहरा बघायला लागली, आणि मला चकित करत धडाधड नंबर सांगायला लागली. हा अकरा, केस गेले मेल्याचे. ही चाळीस, किती जाडी झालीय. हा बावीस, ह्याचं पोट बघ. ही पंचेचाळीस ना, हिचं नाक अजून वरच. आदल्या दिवशी फेट्यातल्या एकमेकांना आम्ही "तू कोण रे" विचारत होतो, आणि इथे ती फणसोपच्या ओटीवर बसून सगळी हजेरी पाठ म्हणत होती. स्क्रीनवर लाल ठसे उमटत होते.

मग पुन्हा पहिल्या रांगेपासून बघितलंन.

"एकोणतीस नाही आला?"

खुर्चीवरचा फोटो ग्रुप फोटोत आलाच नव्हता, फोटोग्राफरने खुर्ची बाजूला सरकवली होती. मी सांगितलं. साल सांगितलं, विरार सांगितलं.

तिने फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि एक रातांबा उचलला. फोडला. दुसरा फोडला. सासूबाई आतून काहीतरी विचारत होत्या, तिने ओ दिली नाही.

"ऑक्टोबरला माझ्या पुढच्या बाकावर होता तो," ती म्हणाली. "एका वर्गात बसवलेलं आम्हाला, मुलं-मुली सगळी. इंग्रजीच्याच पेपरला त्याचं पेन अडलं. मागे बघून नुसतं दाखवलंन. माझ्याकडे दोन होती, भावाने आणून दिलेली. एक दिलं. नवंकोरं होतं गो, निळं."

"मग?"

"मग काय. मेल्याने परत दिलंच नाही," ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून सुटल्यावर रंगलेला हात तसाच तोंडावर गेला.